सोपं आहे ना, मावशी?

परवा टोकियोहून भाचीचा फोन आला. येत्या नोव्हेंबरात तिचे आई-बाबा, म्हणजे माझी धाकटी बहीण आणि मेव्हणे, तिच्याकडे महिनाभर जाणार आहेत. "मावशी, त्यांना एक दिवस ताकाओला न्यायचं ठरवलंय. तुम्ही २०२३ मध्ये जाऊन आलात ना? सोपं आहे ना?"

आता याला काय उत्तर द्यायचं? "हो गं, सोपं आहे" म्हणून फोन ठेवून देता आला असता. सगळे तेच सांगतात. जपानात जाऊन आलेल्या कोणालाही विचारा, पहिल्यांदा डोंगर चढणाऱ्याला ताकाओच सांगतात. लहान मुलं चढतात, उंच टाचांचे बूट घालून आलेल्या मुली चढतात, कडेवर कुत्रं घेतलेली माणसंही मी स्वतः पाहिली आहेत. पण फोन ठेवल्यावर मला काही चैन पडेना. माझी बहीण बहात्तर वर्षांची, दोन वर्षांपूर्वी बायपास झालेली. शिवाय ती "मी दमले" असं म्हणणाऱ्यातली नाही. आमच्या पिढीतल्या बायकांना ते शिकवलंच नाही कोणी. म्हणून भाचीला जे फोनवर सुचलं नाही ते इथे सविस्तर लिहिते आहे. तिने वाचावं, आणि इतरांनाही उपयोग झाला तर झाला.

माझं मत आधीच सांगून टाकते. डोंगर सोपा असतो की अवघड, हा प्रश्नच चुकीचा आहे. सोपा कोणाला, किती वाजता आणि कोणत्या वाटेने, असं विचारायला हवं. आणि जो डोंगर सगळे सोपा म्हणतात, त्याची आखणी कोणी करतच नाही. तिथेच घोटाळा होतो.

आधी भूगोल. (मास्तरीण आहे, सवय जायची नाही.) ताकाओची उंची ५९९ मीटर. हा आकडा ऐकून आपला पुण्याचा माणूस हसतो, कारण पुणे शहरच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. पण नकाशावरची उंची समुद्रापासून मोजतात आणि पाय मोजतात ते पायथ्यापासून. ताकाओचा पायथा साधारण १९० मीटरवर. म्हणजे चढ झाला चारशे मीटरच्या आसपास. सिंहगडापेक्षा कमी, पर्वतीपेक्षा कितीतरी जास्त. जी व्यक्ती पर्वतीच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबते, तिने ५९९ हा आकडा हसण्यावारी नेऊ नये.

नावाचीही एक गंमत. जपानी लोक त्याला ताकाओ-सान म्हणतात. माझ्या नातीची समजूत अशी की डोंगरालासुद्धा ते 'ताकाओराव' म्हणतात, जसं माणसांच्या नावाला सान लावतात तसं. प्रत्यक्षात हा सान वेगळा. डोंगर या अर्थाचं जे चित्राक्षर आहे त्याचा एक उच्चार 'यामा' आणि दुसरा 'सान'. मी तीस वर्षं वर्गात मुलांना 'फुजियामा' शिकवला, आणि तिथे गेल्यावर कळलं की त्याला सगळे फुजी-सानच म्हणतात. कितीजणांना चुकीचं शिकवलं कोण जाणे! असो. नातीचं ताकाओराव मात्र आमच्या घरात कायम झालं.

शिंजुकू स्टेशनवरून केइओ लाइनची गाडी थेट पायथ्याशी नेते, तासाभराच्या आत. उतरायचं ते 'ताकाओसानगुची' या शेवटच्या स्टेशनवर. गुची म्हणजे तोंड, म्हणजे डोंगराच्या तोंडाशी. त्याच्या अलीकडचं स्टेशन नुसतं 'ताकाओ', आणि जेआरची गाडी तिथपर्यंतच जाते. नवखी माणसं तिथे उतरून डोंगर शोधत बसतात. भाची निशिकासाईला राहते, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तेव्हा दारापासून पायथ्यापर्यंत दोन तास धरायचे. दोन ज्येष्ठांना घेऊन शिंजुकूसारख्या स्टेशनात गाडी बदलायची म्हणजे तोही एक डोंगरच आहे.

आता मुख्य गोष्ट, वेळ. लोक आखणी सकाळपासून सुरू करतात. किती वाजता उठायचं, किती वाजता निघायचं. माझं म्हणणं, आखणी सूर्यास्तापासून उलटी करत यावी. नोव्हेंबरच्या शेवटी टोकियोत सूर्य मावळतो साडेचारला! आपल्याकडे पुण्यात त्या दिवसांत सहा वाजत येतात. यामागे भूगोल आहे. जपानचं घड्याळ १३५ अंश पूर्व रेखावृत्तावर चालतं आणि टोकियो त्याच्याही पूर्वेला जवळजवळ पाच अंश, म्हणून तिथला सूर्य घड्याळाच्या पुढे धावतो. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंशावरचं आणि पुणे त्याच्या बरंच पश्चिमेला, म्हणून आपला सूर्य मागे रेंगाळतो. त्यात टोकियो उत्तरेला, हिवाळ्याचा दिवसच मुळात लहान. भारतातून गेलेल्या माणसाच्या अंगात 'अजून चार तर वाजलेत' हे इतकं मुरलेलं असतं की तो जंगलात हमखास फसतो. आणि उंच देवदारांखाली अंधार सूर्यास्ताची वाट बघत नाही, साडेतीनलाच पाऊलवाटेवरची मुळं दिसेनाशी होतात.

म्हणून भाचीला माझा हिशेब असा. अडीच वाजता सगळे खाली आलेले असले पाहिजेत. त्यासाठी दुपारी एकला तोंड फिरवायचं, जिथे असाल तिथून. माथा पाच मिनिटांवर राहिलेला असला तरी. हे एक वाजण्याचं कलम घरून निघण्यापूर्वी सगळ्यांसमोर बोलून ठेवायचं, कारण वर गेल्यावर कोणी ऐकत नाही. "एवढे आलोच आहोत तर" हे मराठीतलं अत्यंत धोकादायक वाक्य आहे.

वाटा बऱ्याच आहेत, क्रमांक दिलेले. भाचीने सहा नंबरची निवडली आहे, कारण फोटो फार सुंदर दिसतात. खरंच सुंदर आहे. ओढ्याच्या काठाकाठाने जाते, वाटेत बिवा नावाचा धबधबा लागतो, जिथे साधक थंड पाण्याखाली उभे राहून साधना करतात. पण शेवटी शेवटी ती वाट ओढ्यातूनच जाते, दगडांवर पाय देत देत, आणि त्यानंतर लाकडी पायऱ्यांची लांबलचक चढण. सव्वातीन किलोमीटरमध्ये स्वच्छतागृह नाही. सत्तरीच्या माणसांना घेऊन जाणाऱ्याने आधी हे बघावं, फोटो नंतर. ओल्या दगडावर बहिणीचा पाय सटकला तर तिच्या मुलीला काय वाटेल, हे मला लिहायला नको.

एक नंबरची वाट ही देवळाकडे जाणारी जुनी वाट. जवळजवळ सगळी फरसबंदी किंवा डांबरी, पावणेचार किलोमीटरच्या आसपास, चालत वर जायला दीड-पावणेदोन तास. 'हा काय ट्रेक आहे का, हा तर रस्ता आहे' असं जावई म्हणाले होते. मी म्हटलं, रस्ता आहे म्हणूनच मी तुमच्याबरोबर आहे.

याच वाटेचा खालचा, जास्त चढाचा भाग टाळायचा असेल तर केबल कार आहे, १९२७ सालापासूनची. ३१ अंश १८ मिनिटांचा चढ, अशा रुळांवरच्या गाड्यांत जपानमधला सगळ्यात तीव्र. सहा मिनिटांत साधारण ४७० मीटर उंचीवर नेऊन सोडते. शेजारी दोघांनी बसायच्या उघड्या खुर्च्यांची लिफ्टही आहे, तिला बारा मिनिटं लागतात. पाय खाली लोंबकळत असतात आणि त्याखाली जाळी. नातीला फार आवडली. माझे डोळे मिटलेले होते.

इथे माझा सगळ्यांशी वाद आहे. बहुतेक जण सांगतात, नवख्यांनी गाडीने वर जावं आणि चालत उतरावं, कारण चढणं कठीण आणि उतरणं सोपं. साफ उलट! चढताना दम लागतो, पण थांबलं की दम भरून येतो. उतरताना गुडघा बोलायला लागतो आणि तो दुसऱ्या दिवशीही गप्प बसत नाही. प्रत्येक पावलाला मांडीचे स्नायू ब्रेकसारखे लागतात, आणि तेही दिवसाच्या शेवटी, पाय आधीच थकलेले असताना, उजेड कमी होत असताना. पाय घसरतो तो बहुधा उतरतानाच. धडधाकट पण गुडघ्याने कुरकुरणाऱ्या माणसाने चालत चढावं आणि गाडीने उतरावं. आम्ही तसंच केलं. मेव्हण्यांनीही तसंच करावं, त्यांना सकाळी फिरण्याची सवय आहे.

बहिणीचं गणित मात्र वेगळं. तिचा प्रश्न गुडघा नाही, छाती आहे, म्हणजे तिला चढच जपून हवा. तिने आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं, ते हो म्हणाले तर जाताना-येताना दोन्ही वेळा केबल कार घ्यावी, आणि मधला वरचा भाग तेवढा चालावा. धडधाकट माणसाला पाऊण तास लागतो तो तिने दीड तासात चालावा. त्यात लाज काय? खरा डोंगर तर तिथेच आहे. रस्त्याकडेला 'ताकोसुगी' नावाचा प्रचंड देवदार आहे, साडेचारशे वर्षांचा सांगतात. ताको म्हणजे ऑक्टोपस. गोष्ट अशी की देवळाचा रस्ता करताना या झाडाची मुळं आड येत होती, म्हणून ते तोडायचं ठरलं. तर झाडाने घाबरून एका रात्रीत आपली मुळं गोळा करून घेतली, माणसाने मांडी घालून बसावं तशी. मुळं खरोखरच तशी आहेत. आपल्याकडेही रस्तारुंदीकरणाच्या आधी वडांना ही विद्या शिकवायला हवी.

त्यानंतर रस्त्याला दोन फाटे फुटतात. एक ओतोकोझाका, पुरुषांचा चढ, सरळ उभ्या १०८ पायऱ्या. दुसरा ओन्नाझाका, बायकांचा चढ, लांबून वळणाने जाणारा, पायऱ्यांशिवाय. १०८ म्हणजे माणसाच्या मनातल्या १०८ वासना, एकेका पायरीला एकेक सोडायची. आपल्या जपमाळेचे मणी तेवढेच, बौद्ध धर्माबरोबर हा आकडा तिकडे गेला. आमचे हे, वय तेव्हा ७८, अर्थातच पुरुषांच्या चढाने गेले. मी वळणाने गेले. वर दोन्ही वाटा एकत्र येतात तिथे मी बाकावर बसून पाणी पीत होते तेव्हा हे वर आले, लालबुंद होऊन. किती वासना सुटल्या विचारलं तर म्हणाले, "साठाव्या पायरीपर्यंत मोजत होतो, पुढे फक्त चहाची राहिली." नावं ठेवणाऱ्यांनी कमी दमवणाऱ्या वाटेला बायकांचं नाव का दिलं यावर मी वर्गात असते तर एक तास बोलले असते. पण मेव्हण्यांनाही बायकांच्याच चढाने न्यावं, हे भाचीला बजावून सांगते.

याकुओ-इन हे देऊळ ७४४ सालचं. ग्योकी नावाच्या भिक्षूने सम्राट शोमूच्या आज्ञेवरून स्थापलेलं. डोंगरात राहून तप करणाऱ्यांची परंपरा तिथे अजून जिवंत आहे. दारात तेंगूच्या मूर्ती, एक लांब नाकाचा आणि एक चोचीचा, पंखवाला. चोचीचा पाहून मला आपला गरुडच आठवला. घाई करू नये इथे. आणि देवळाच्या आवारातही पायऱ्या आहेतच, त्यांचा हिशेब दमाच्या हिशेबात धरावा.

आता जे मला खरं सांगायचं आहे ते. १९८४ साली मी नववीच्या मुलींना एका गडावर नेलं होतं. दर अर्ध्या तासाने मी मोठ्याने विचारत होते, "कोणी दमलंय का गं?" एकही हात वर आला नाही. मला अभिमान वाटला, माझ्या मुली काटक आहेत म्हणून. खाली आल्यावर एका मुलीने बूट काढले. सहलीसाठी मुद्दाम घेतलेले नवे कॅनव्हासचे बूट. दोन्ही टाचा सोलून मोजे रक्ताने चिकटले होते. गड चढायच्या आधीपासून चावत होते म्हणाली. मी रागावले, "मग सांगायचं नाही का?" ती म्हणाली, "बाई, तुम्ही दमलंय का विचारत होतात. मी दमले नव्हते." पुढच्या वर्षी सहलीच्या यादीत तिचं नाव नव्हतं. मी कारण विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

तेव्हापासून मी कोणाला "दमलात का" विचारत नाही. त्याचं उत्तर "नाही" असंच येतं. थांबायचं ते घड्याळ बघून. दर वीस मिनिटांनी पाच मिनिटं, कोणाला गरज असो वा नसो. त्यामुळे कोणा एकामुळे सगळे थांबले असं होत नाही. आणि जो सगळ्यात सावकाश चालतो त्याला सगळ्यात पुढे ठेवायचं. मागे ठेवलं तर काय होतं? पुढचे जातात, थांबतात, विश्रांती घेतात, आणि तो धापा टाकत पोचला की "चला" म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. ताकाओवर एका शाळेची सहल आली होती, पहिली-दुसरीतली पिवळ्या टोप्यांची मुलं. पुढे एक बाई, मागे एक गुरुजी, आणि बाईंचा हात धरून अगदी पुढे दोन सगळ्यात बारकी मुलं. अख्खी रांग त्यांच्या पावलाने चाललेली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला "कोन्निचिवा" करत होती, मलाही. मी कठड्याला टेकून ती रांग संपेपर्यंत बघत राहिले. लेकीला वाटलं मला चक्कर आली.

तेव्हा, भाचीबाई, आईला पुढे ठेव. तिच्याशी गप्पा मारत चाल. ती बोलता बोलता वाक्य मध्येच तोडायला लागली की समज दम लागलाय, आणि काही न विचारता बुटाची नाडी सुटल्याचं निमित्त करून बस. छातीत किंवा हातात काही वेगळं वाटतंय म्हणाली, तर मात्र नाडीबिडी नाही, तिथल्या तिथे बसवून मदत मागायची, ११९ हा नंबर आहे.

बाकीचं थोडक्यात. शनिवार-रविवार आणि २३ नोव्हेंबरची सुट्टी टाळा. वर्षाला पंचवीस लाखांच्या वर माणसं येतात या डोंगरावर. टायरवाल्या फ्रेंच कंपनीच्या प्रवासपुस्तकाने २००७ साली तीन तारे दिल्यापासून तर परदेशीही खूप. त्यातली निम्मी लाल पानं बघायला नोव्हेंबरातच येतात की काय असं वाटतं. गर्दीच्या दिवशी केबल कारसाठीच तासभर रांगेत उभं राहावं लागतं, आणि उभं राहणं चालण्यापेक्षा वाईट. कपडे एकावर एक, काढता-घालता येतील असे. माथ्यावर पायथ्यापेक्षा अडीच-तीन अंश कमी, आणि घाम आलेला असताना वारा लागला की बोचतो.

खाण्याचं म्हणाल तर वर सोबा मिळतात, गरमागरम. पण त्यांच्या रश्श्यात माशाचा अर्क असतो, वर दिसत नाही. बहीण शाकाहारी आहे. देवळात पूर्ण शाकाहारी जेवण मिळतं, ते मात्र आधी सांगून ठरवावं लागतं. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गुळपोळ्या नेल्या होत्या. माथ्यावर सतरंजी अंथरून पाणीबिणी पिऊन बसलो तर शेजारच्या आजीबाईंनी आम्हाला संत्री दिली, आम्ही त्यांना गुळपोळी. भाषा एकही समान नव्हती. कचऱ्याचा डबा कुठेही नाही, सालंसुद्धा पिशवीत घालून घरी आणायची.

आणि फुजी दिसेल असं आईला आधी सांगू नकोस. माथ्यावरून दिसतो, पण हवा स्वच्छ असेल तरच, डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी जास्त खात्रीने. आम्हाला दिसला नाही. जिथे असायला हवा तिथे ढगांची एक रांग होती, आणि फलकावर मात्र त्याचं चित्र होतं, कुठला सुळका कुठे ते दाखवणारं. हे त्या फलकासमोर उभं राहून फोटो काढून आले. फुजीसाठी म्हणून गेलं की तो न दिसल्यावर लोक 'थोडं थांबू, ढग सरकतील' म्हणत बसतात, आणि एक वाजण्याचं कलम तिथेच मोडतं.

उतरल्यावर स्टेशनला लागूनच गरम पाण्याचं स्नानगृह आहे, २०१५ मध्ये झालेलं. माझ्या गुडघ्यांनी जपानबद्दल चांगलं मत बनवलं ते तिथे. बायपास झालेल्या माणसाने मात्र फार गरम पाण्यात फार वेळ बसू नये. बहिणीने पाय बुडवून बसावं फार तर.

हे सगळं लिहून झाल्यावर काल रात्री पुण्याला बहिणीला फोन केला. म्हटलं, बूट घेतलेस का? म्हणाली, घेतले, छान आहेत, खोक्यात ठेवलेत, तिकडे गेल्यावरच काढीन. माझ्या डोळ्यांपुढे चाळीस वर्षांपूर्वीचे ते मोजे आले. तिला बरंच बोलले. आत्ताच्या आत्ता काढ, रोज घाल, सोसायटीच्या बागेत फेऱ्या मार, चावले तर अजून बदलून मिळतील. तिने "बरं बरं" म्हटलं, म्हणजे ऐकणार नाही असं मी समजले. आज सकाळी साडेसातला पुन्हा फोन केला.

"तिसरी फेरी चालू आहे," म्हणाली, "नंतर बोलते."